व्हायरसमुळे माणूस जाड होतो का? ही बातमी वाचायची कशी आणि मग करायचं काय

दर चार-सहा महिन्यांनी हे फॉरवर्ड परत फिरायला लागतं. "लठ्ठपणा खाण्यामुळे नाही, व्हायरसमुळे होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." खाली कुठल्यातरी पावडरची नाहीतर टेस्टची लिंक. मग ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बघा आम्ही सांगत होतो आमची काही चूक नाही, दुसरी म्हणते काहीही फेकतात, कमी खा आणि चाला. गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी मूळ प्रकरण वाचलेलं नसतं, आणि ते प्रकरण सुरू झालंय आपल्या मुंबईत, कोंबड्यांपासून. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, स्टाफरूममध्ये येतो, लग्नात जेवणाच्या पंगतीत येतो, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू. वजन कमी करायचा प्लॅन यात नाही. अशी बातमी समोर आली की ती कशी तपासायची, डॉक्टरकडे जाऊन काय विचारायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, एवढंच.

आधी गोष्ट ऐका, कारण ती कळली की पुढचं तपासणं सोपं जातं.

१९८० च्या दशकात देशभरातल्या पोल्ट्रीत एक साथ आली होती, कोंबड्या हजारोंनी मरत होत्या. परळचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज, १८८६ सालचं, तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. एस. एम. अजिंक्य या साथीमागचा व्हायरस शोधत होते. तो सापडला, अ‍ॅडेनोव्हायरसच्या कुळातला, पक्ष्यांना होणारा, आणि त्याला नाव पडलं एसएमएएम-१, त्यात अजिंक्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. त्याच काळात मुंबईत डॉ. निखिल धुरंधर वडिलांसारखीच लठ्ठपणाची प्रॅक्टिस करत होते, अजिंक्य हे त्यांच्या वडिलांचे स्नेही. बोलता बोलता अजिंक्यांनी सांगितलं की मेलेल्या कोंबड्या उघडून बघितल्या तर लिव्हर आणि किडनी सुजलेल्या, थायमस (इम्युनिटीच्या पेशी घडवणारी ग्रंथी) आक्रसलेली आणि पोटात चरबीच चरबी.

इथे एखाद्या दुसऱ्या माणसाने "अच्छा" म्हणून विषय बदलला असता. धुरंधरांना खटकलं ते असं की इन्फेक्शनने मरणारा प्राणी खंगून मरतो, हाडं दिसायला लागतात, मग या जाड कशा? दोघांनी मिळून छोटासा प्रयोग केला, २० निरोगी कोंबड्या घेतल्या, निम्म्यांना व्हायरस दिला, निम्म्यांना नाही, खाणं सगळ्यांना सारखंच. व्हायरसवाल्या जाड झाल्या. आणि वर अजून एक विचित्र गोष्ट, चरबी वाढली पण रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली अजून एक चरबी) मात्र कमी झालं. नेहमी आपण उलटं ऐकतो ना, वजन वाढलं की कोलेस्टेरॉल वाढणार, इथे चित्र उलटंच.

मग त्यांनी माणसांचं रक्त बघितलं, त्यांच्याकडे येणारे ५२ लठ्ठ पेशंट. हा पक्ष्यांचा व्हायरस, माणसांना होतच नाही असं तेव्हा धरून चाललेले, तरी ५२ पैकी १० जणांच्या रक्तात त्याच्या विरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या, म्हणजे त्या व्हायरसशी लढायला शरीराने बनवलेली प्रोटीन्स, लागण होऊन गेल्याची खूण. हे १० जण बाकीच्यांपेक्षा वजनाने जास्त आणि यांचंही कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड कमी, म्हणजे कोंबड्यांसारखंच. हा पेपर १९९७ साली छापून आला.

आता इथेच थांबा आणि सवय लावून घ्या. मूळ बातमी वाचताना पहिला प्रश्न, कोणावर केलंय? कोंबडी, उंदीर, माकड की माणूस. आणि माणूस असेल तर त्याला व्हायरस दिला आणि काय होतं ते बघितलं, की आधीच जाड असलेल्या माणसाचं नुसतं रक्त तपासलं? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नव्वद टक्के फॉरवर्ड्स हा फरक गिळून टाकतात. कोंबडीच्या प्रयोगात व्हायरस आधी आला आणि चरबी नंतर, हे आपल्याला नक्की माहीत आहे कारण व्हायरस आपणच टोचलाय. ५२ पेशंटच्या बाबतीत क्रम माहीत नाही. इथे कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न शब्दशः लागू पडतो, काय करणार.

धुरंधर १९९० च्या दशकात अमेरिकेला गेले, पुढे विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्याबरोबर कामाला लागले. एसएमएएम-१ भारतातून न्यायला मात्र अमेरिकन सरकारने परवानगी दिली नाही, आणि खरं सांगायचं तर बरोबरच केलं, कोंबड्या मारणारा व्हायरस कोण घरात घेईल. मग त्यांनी माणसांना होणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसांतून एक निवडला, एडी-३६, म्हणजे ३६ नंबरचा प्रकार. हा १९७८ साली जर्मनीत पहिल्यांदा सापडलेला. माणसांत अ‍ॅडेनोव्हायरसचे पन्नासच्या वर प्रकार आहेत, साधी सर्दी, घसा, डोळे येणं, जुलाब, असली कामं ते करतात. एडी-३६ निवडायचं एक कारण असं की त्याच्या अँटिबॉडी दुसऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसच्या अँटिबॉडीत मिसळून घोळ होत नाही.

तर एडी-३६ ने कोंबड्या जाड झाल्या, उंदीर जाड झाले, २००० साली ते छापून आलं. नंतर एका कोंबडीचं रक्त दुसरीला देऊन तिच्यातही चरबी वाढते का हे बघितलं, वाढली. माकडांवरही केलं, मार्मोसेट नावाची छोटी माकडं असतात त्यांना व्हायरस दिला तर वजन वाढलं, कोलेस्टेरॉल उतरलं, संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकी. र्‍हीसस माकडांचं जास्त मजेशीर आहे, म्हणजे आपल्याकडची लाल तोंडाची माकडं, त्यांचं साठवून ठेवलेलं जुनं रक्त तपासलं, त्यांना व्हायरस कोणी दिला नव्हता, आपसूकच लागण झालेली, आणि अँटिबॉडी दिसायला लागल्यानंतर वजन वाढत गेलं. हे महत्त्वाचं, कारण इथे क्रम कळतो.

आणि सगळेच अ‍ॅडेनोव्हायरस असं करत नाहीत. एडी-२ आणि एडी-३१ देऊन बघितले, कोंबड्यांची चरबी वाढली नाही. म्हणजे "मला सर्दी झाली होती आणि मग वजन वाढलं" याला काही अर्थ नाही, त्या सर्दीला दोनशे वेगळे व्हायरस जबाबदार असू शकतात.

माणसांचे आकडे वाचताना

इथे सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा वेळ काढते.

२००५ साली अ‍ॅटकिन्सन, धुरंधर आणि मंडळींनी अमेरिकेतल्या ५०२ जणांचं रक्त तपासलं. लठ्ठ लोकांत ३० टक्क्यांच्या रक्तात एडी-३६ च्या अँटिबॉडी, जे लठ्ठ नव्हते त्यांच्यात ११ टक्के. एडी-२ आणि एडी-३१ च्या अँटिबॉडीचा मात्र लठ्ठपणाशी संबंध दिसला नाही. बातमीचं हेडिंग काय येणार, "लठ्ठ लोकांत व्हायरस जवळजवळ तिप्पट". खोटं नाहीये. पण तुम्ही कागद घ्या आणि उलटं लिहा. १०० लठ्ठ माणसं, त्यातल्या ७० जणांच्या रक्तात याचा मागमूस नाही. १०० बारीक माणसं, त्यातल्या ११ जणांना लागण होऊन गेली आणि ती बारीकच आहेत. मग व्हायरस हेच कारण असेल तर ते ७० जण कशाने जाड झाले? आणि ते ११ का नाही झाले? टक्केवारी दिसली की ती उलटी करून वाचायची, ही एक सवय लागली तरी अर्धी फॉरवर्ड्स आपोआप गळून पडतील.

दुसरं, फरक किती किलोचा? त्याच अभ्यासात जुळ्या भावंडांच्या जोड्या होत्या, एकाला लागण होऊन गेलेली आणि दुसऱ्याला नाही. जुळी म्हणजे भारी तुलना, आईवडील एक, घर एक. लागण झालेल्यांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सरासरी २४.५ आणि दुसऱ्यांचा २३.१. आता हे किलोत काढा. समजा उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे १.६५ मीटर, त्याचा वर्ग साधारण २.७२, त्याला १.४ ने गुणा, पावणेचार किलोच्या आसपास येतं. पावणेचार किलो म्हणजे काही कमी नाही हो, पण ज्याचं वजन वीस किलोने जास्त आहे त्याचा सगळा हिशोब यातून लागत नाही. लहान मुलांचा एक अभ्यास आहे सॅन डिएगोचा, २०१० चा, १२४ मुलं, लठ्ठ मुलांत २२ टक्के पॉझिटिव्ह आणि बाकीच्यांत ७ टक्के. तिथेही तेच, १०० लठ्ठ मुलांतली ७८ निगेटिव्ह.

तिसरं, दुसऱ्यांनी करून बघितलं का आणि काय आलं? अमेरिकन सैन्यातल्या लोकांवर केलं, १५० लठ्ठ आणि १५० बारीक, तर लठ्ठपणाशी संबंध निघाला नाही, उलट वंश आणि लिंगानुसार फरक निघाला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये केलं, तिथेही लठ्ठपणाशी काही जुळलं नाही. मग वेगवेगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडले गेले, त्यात एकंदरीत संबंध आहे असं येतं, मध्यम ताकदीचा. म्हणजे सगळं झूठ असं म्हणता येत नाही आणि पक्कं सिद्ध झालंय असंही नाही. प्राण्यांत पुरावा दणदणीत, माणसांत उलटसुलट. माझं मत विचाराल तर काही लोकांमध्ये याचा थोडा वाटा असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, पण त्या "काही" मध्ये तुम्ही आहात का हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि समजा सांगितलं तरी त्याने तुमच्या उद्याच्या दिवसात काही बदलत नाही. हे शेवटचं वाक्य टेस्ट विकणारे कधीच सांगणार नाहीत.

निकाल वेगळे का येतात? एक तर टेस्टच्या पद्धती वेगळ्या. एका पद्धतीत तुमच्या रक्ताने जिवंत व्हायरस खरंच निकामी होतो का हे पेशींवर बघतात, ती किचकट आणि वेळखाऊ, दुसरी एलायझा, झटपट होणारी, आणि दोन्हींचे निकाल दर वेळी जुळतातच असं नाही. आणि अँटिबॉडी म्हणजे काय तर लॉजच्या रजिस्टरमधली एंट्री, पाहुणा येऊन गेला एवढं कळतं, तारखेचा रकाना पुसलेला आहे. तो वजन वाढायच्या आधी आला की नंतर, ते रजिस्टर बघून कळत नाही. लठ्ठपणात शरीराची इम्युनिटी थोडी वेगळी वागते हेही माहीत आहे, त्यामुळे जाड माणसाला लागणच जास्त होत असेल ही शक्यता उरतेच. याचा सोक्षमोक्ष लावायचा तर माणसांना मुद्दाम व्हायरस देऊन बघायला लागेल, आणि ते कुठलीच एथिक्स कमिटी करू देणार नाही, देऊही नये. (बॅरी मार्शल यांनी १९८४ साली पोटातल्या अल्सरचे जंतू स्वतःच पिऊन दाखवले होते आणि २००५ साली नोबेल मिळवलं, पण जठराची सूज आठवड्याभरात दिसते, लठ्ठपणा दिसायला वर्षं जातात आणि मग कारण तो व्हायरस की मधल्या दोन दिवाळ्या, कोण सांगणार.)

व्हायरस करतो तरी काय

हा भाग आवडत नसेल तर सोडून द्या, पण मला स्वतःला हाच सगळ्यात भारी वाटतो.

आपल्या चरबीत नुसत्या भरलेल्या पेशी नसतात, अजून काहीच न बनलेल्या स्टेम सेल्सही असतात. एडी-३६ त्यांच्यात शिरला की त्या चरबीच्या पेशी बनायच्या वाटेला लागतात, हे लॅबमध्ये माणसाच्या चरबीतून काढलेल्या पेशींवर दिसलंय. हे काम करतो व्हायरसचा एक जीन, ई४-ओआरएफ१ त्याचं नाव. हा जीन पेशीला रक्तातली साखर जास्त ओढून घ्यायला लावतो आणि त्यासाठी इन्सुलिनची वाटही बघत नाही, मधली पायरी गाळून डायरेक्ट पुढचं बटण दाबतो. म्हणून तर चरबी वाढूनही प्राण्यांच्या रक्तातली साखर बिघडत नाही, उलट सुधारते. याच्यावरून पुढे उलटाच विचार सुरू झाला, की सगळा व्हायरस नको, फक्त हा जीन किंवा त्याचं प्रोटीन वापरून डायबिटीसला काही करता येईल का, आणि धुरंधरांच्याच ग्रुपने उंदरांवर त्यावर काम केलंय. लठ्ठपणाचा आरोपी शोधायला गेले आणि डायबिटीसच्या औषधाचा धागा हाती आला, सायन्समध्ये असं होतं.

पण एक लक्षात ठेवा, व्हायरस हवेतून चरबी तयार करत नाही. चरबीत जी एनर्जी साठते ती ताटातूनच आलेली असते. व्हायरस फार तर साठवणुकीच्या पेशी वाढवेल, साठवण सोपी करेल. त्यामुळे "व्हायरस आहे म्हणजे खाण्याचा संबंध नाही" हे चुकीचं, आणि "दोघं सारखंच खातात मग हाच का जाड" याचं उत्तर दर वेळी "चोरून खात असेल" असं नसतं, हेही तितकंच खरं. त्या कोंबड्यांनी चोरून काही खाल्लं नव्हतं.

आणि एडी-३६ एकटाच नाही. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर, त्याच्या व्हायरसने उंदीर जाड होतात हे १९८२ सालीच छापून आलं होतं, तो मेंदूतल्या भुकेच्या भागात गडबड करतो. उंदरांत बोर्ना व्हायरसने होतं, कोंबड्यांत अजून एका व्हायरसने होतं. या सगळ्या विषयाला धुरंधरांनी २००१ मध्ये इन्फेक्टोबेसिटी असं नाव दिलं. माणसाच्या बाबतीत जास्त अभ्यास एडी-३६ वरच आहे.

मग तुम्ही करायचं काय

वजन वाढतंय आणि कारण शोधायचंय तर व्हायरसच्या आधी दहा कारणं तपासायची असतात, आणि ती स्वस्त आहेत, त्यातल्या बऱ्याचशांवर उपायही आहे.

सुरुवात टेपने. शिवणकामाची टेप घ्या, शर्ट वर करा, सगळ्यात खालची बरगडी हाताने चाचपा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळा, पोट आत ओढायचं नाही, साधा श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पॅन्टचा साइज म्हणजे कंबर नव्हे, पॅन्ट आपण पोटाच्या खाली घालतो. आपल्या भारतीय लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आसपास, बायकांत ८० म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेलं की लक्ष द्यायची वेळ. बीएमआय पण आपल्याकडे २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, गोऱ्या लोकांचा ३० चा आकडा बघून खूश होऊ नका, आपण बारीक दिसत असतानाच पोटात चरबी साठवतो.

मग एका कागदावर वजन कधीपासून वाढायला लागलं ते लिहा आणि त्याच्या आसपास काय बदललं ते लिहा. नोकरी, नाइट शिफ्ट, बाळंतपण, सिगारेट सोडली, गुडघा दुखायला लागला, नवीन औषध सुरू झालं. औषधांची यादी तर अगदी नीट करा, दम्याच्या किंवा सांध्यांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, ओलान्झापिनसारखी मानसिक आजाराची औषधं, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, डायबिटीसमधलं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, यांनी वजन वाढू शकतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका हं, फिट आली किंवा साखर चढली तर निस्तरताना नाकी नऊ येतील, डॉक्टरांना फक्त विचारा की याला पर्याय आहे का.

डॉक्टरकडे गेल्यावर थायरॉइडची टीएसएच, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), लिव्हरच्या टेस्ट आणि बीपी, हे बघायला सांगतील, नाही सांगितलं तर तुम्ही विषय काढा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचं, म्हणजे ओव्हरी आणि हार्मोनच्या गडबडीचं, बोला. रात्री घोरता आणि सकाळी उठल्यावर पण झोप झाल्यासारखी वाटत नाही, हे लोक डॉक्टरला सांगतच नाहीत, ते आवर्जून सांगा, झोपेत श्वास अडकतोय का हे बघायला लागतं आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

एडी-३६ ची टेस्ट मागू नका. मी हे स्पष्टच लिहितेय. पॉझिटिव्ह आली तरी त्यावर औषध नाही, निगेटिव्ह आली तरी सल्ला तोच. कोणी लॅबवाला पॅकेजमध्ये विकत असेल तर त्याला दोनच प्रश्न विचारा, पॉझिटिव्ह आल्यावर माझी ट्रीटमेंट नेमकी काय बदलणार, आणि तुमची टेस्ट कुठल्या पद्धतीने करता? पहिल्याच प्रश्नाला तो "इम्युनिटी बूस्टर" म्हणाला की उठा.

आणि स्वतःच स्वतःचं निदान करायची एक नवीन पद्धत निघालीय, "माझं वजन जास्त पण कोलेस्टेरॉल नॉर्मल, म्हणजे मला नक्की तोच व्हायरस". नाही हो. वजन जास्त असून लिपिड प्रोफाइल चांगलं असलेले लोक भरपूर असतात, त्याला जेनेटिक्स आहे, वय आहे, चरबी पोटात आहे की मांड्यांवर हेही आहे. आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेत असाल तर ते गोळीमुळे कमी आहे, व्हायरसमुळे नाही.

लोक जे हमखास विचारतात ते

लोकलमध्ये शेजारी जाड माणूस बसला तर लागण होईल का? हा प्रश्न मला खरंच विचारतात आणि मला राग येतो. व्हायरस पसरवतो तो मुख्यतः आत्ता आजारी असलेला माणूस, शिंकणारा, जुलाब झालेला, मग तो काडीपैलवान का असेना. ज्याला कधीकाळी लागण होऊन गेली आणि आता फक्त अँटिबॉडी उरल्यात त्याच्यापासून तुम्हाला काही होत नाही.

हात धुवायचे का? धुवा की, पण साबणाने. अ‍ॅडेनोव्हायरसला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो कोरोनाइतका सहज बधत नाही, साबण-पाण्याने चोळून हात धुतले की तो वाहून जातो. डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल वापरू नका, हे आपल्या आज्या सांगतच होत्या.

चिकन खाल्लं तर? नीट शिजवलेल्या रश्श्यात व्हायरस टिकत नाही, खुशाल खा. रश्श्यावरचा तेलाचा तवंग वजनासाठी जास्त विचार करण्यासारखा आहे.

कोविशील्डमध्ये अ‍ॅडेनोव्हायरस होता म्हणून आमचं वजन वाढलं का? पुण्यात बनलेली लस, आपल्यातल्या बहुतेकांनी घेतली, त्यामुळे हा प्रश्न फार येतो. ती चिंपांझीच्या अ‍ॅडेनोव्हायरसपासून बनवलेली होती, एडी-३६ पासून नाही, आणि तिच्यातला व्हायरस शरीरात स्वतःची पिलावळ वाढवूच शकत नाही असा करून टाकलेला होता, त्याचे ते जीनच काढून टाकलेत. त्या दोन वर्षांत आपण घरी बसून काय काय खाल्लं ते आठवा जरा, डालगोना कॉफीपासून सुरुवात करा.

अँटिबायोटिकने जाईल का? अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. अ‍ॅडेनोव्हायरसवर एक औषध अगदी गंभीर केसेसमध्ये, ट्रान्सप्लांट झालेल्यांना वगैरे देतात पण ते किडनीला जड असतं, वजनासाठी त्याचा विचारही करायचा नाही. लस? अ‍ॅडेनोव्हायरसची लस आहे, पण ती ४ आणि ७ नंबरच्या प्रकारांसाठी आणि अमेरिकन सैन्यातल्या लोकांसाठी. ३६ साठी नाही. कोणी "व्हायरल लठ्ठपणाची लस" म्हणून काही विकायला आलं तर सरळ फूड अँड ड्रगवाल्यांकडे तक्रार करा.

घरात लठ्ठ मूल असेल तर त्याच्यासमोर हा विषय जपून काढा. "तुला व्हायरस आहे" म्हटलं की ते वर्गात जाऊन सांगेल आणि पोरं त्याच्या शेजारी बसायची बंद होतील. "तू खादाड आहेस" म्हटलं तर ते लपून खाईल. मुलांच्या डॉक्टरकडे न्या, उंची-वजनाचा चार्ट काढून घ्या, एकट्या त्याचंच ताट बदलू नका, सगळ्या घराचं बदला, आणि संध्याकाळी मोबाइल काढून घेऊन खाली खेळायला पाठवा. जमल्यास तुम्हीही जा.

आता पुढे कुठली बातमी आली तर मी स्वतः कान टवकारेन ते सांगते. हजारो बारीक माणसांचं रक्त आधी साठवून ठेवलं, मग वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहिले, कोणाला मधेच लागण झाली ते तारखेसकट नोंदवलं आणि त्यानंतर त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा वाढलं, असं दोन-तीन वेगळ्या देशांत वेगळ्या टीमनी दाखवलं तर. किंवा लस निघाली आणि लस घेतलेली मुलं दहा वर्षांनी कमी जाड निघाली तर. तशी बातमी दिसली की मला जरूर पाठवा. पावडरची लिंक असेल तर नको.